काट्याची साक्ष

इस्पितळाच्या अपघात विभागात आणलेल्या मुलाच्या केसपेपरावर नाव, वय, पत्ता, तक्रार, ताप व नाडी ह्यांच्या जोडीने वजनाचाही एक रकाना असतो. हा रकाना कित्येकदा कोरा राहतो, किंवा त्यात डोळ्यांच्या अंदाजाने एक आकडा घालून दिला जातो. मूल रडत असते, आई भेदरलेली असते, मागे आणखी दहा जण खोळंबलेले असतात आणि काटा नेमका दुसऱ्या खोलीत असतो. चार घास कमी खाल्लेल्या मुलाचे वजन अर्धा किलो इकडे की तिकडे, ह्याने काय बिघडणार, असा विचार त्या घाईत एखाद्याच्या मनात आला तर तो मनुष्यस्वभावास धरूनच म्हणावा लागेल. परंतु एवढ्याशा रकान्यावर अग्रलेख खर्ची घालण्याचे आम्हांस कारण आहे. मुलाला द्यावयाच्या औषधाची मात्रा, त्याला पाजावयाच्या पाण्याचे माप, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याला इस्पितळात ठेवून घ्यावयाचे की पुडी देऊन घरी धाडावयाचे हा निर्णय, ह्या तिन्ही गोष्टी त्या एका आकड्यावर अवलंबून असतात. आकडा चुकला तर तिन्ही चुकतात, आणि चूक झाल्याचे पुष्कळदा कोणाच्या ध्यानातही येत नाही.

औषधाचेच पाहा. मोठ्या माणसास गोळी एक की दोन, एवढाच प्रश्न असतो. मुलाचे औषध मात्र दर किलोमागे इतके मिलिग्रॅम असे मोजून द्यावे लागते. तापावरील साधे पॅरासिटामॉल घेतले तरी ते एका वेळेस किलोमागे १५ मिलिग्रॅम ह्या हिशोबाने देतात. काटा जवळ नसेल तेव्हा वयावरून वजन काढण्याचे एक सूत्र वैद्यकीय विद्यार्थ्यांस पढविले जाते: वयाच्या वर्षांत चार मिळवावे व दोनाने गुणावे. तीन वर्षांचे मूल ह्या सूत्राप्रमाणे १४ किलोंचे ठरते. युरोपातील एखाद्या सुखवस्तू नगरीत ते असेलही. मोखाड्याच्या पाड्यावरून किंवा आपल्याच शहराच्या झोपडवस्तीतून आलेले मूल साडेनऊ किलोंचे निघाले, तर त्याच्या पोटात प्रत्येक औषध जवळजवळ दीडपट गेले असे समजावे. अमेरिकेत निघालेली एक फीत आहे. आडव्या निजलेल्या मुलाशेजारी ती ताणली म्हणजे उंचीवरून वजनाचा व औषधांच्या मात्रांचा अंदाज मिळतो. युक्ती उत्तम आहे. परंतु भारतीय मुलांवर तिची परीक्षा घेतली असता, आणि तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत, १० किलोंवरील मुलांचे वजन ती शेकडा १० हून अधिक वाढवून सांगते असे दिसून आले. फितीचा दोष नाही. ती ज्या मुलांच्या अंगाची मापे घेऊन बेतली गेली त्यांच्या अंगावर मांस होते.

ह्याहून बिकट प्रकार जुलाबाचा. दोन वर्षांचा एक मुलगा जुलाब होऊन गळून गेला म्हणून आणला आहे अशी कल्पना करा. त्या वयाच्या मुलग्याचे मध्यम वजन जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या प्रमाणाप्रमाणे १२.२ किलो असते. डॉक्टरांनी वयाकडे पाहून १२ किलो धरले, तर पाणी कमी झालेल्या मुलास किलोमागे ७५ मिलिलिटर ह्या नेहमीच्या नियमाने चार तासांत ९०० मिलिलिटर, म्हणजे पहिल्या दोन तासांत ४५० मिलिलिटर द्रावण पाजावयाचे. आता हाच मुलगा काट्यावर ठेवला आणि तो ८ किलोंचा भरला, उंचीशी ताडून पाहता तो तीव्र कुपोषित निघाला, तर नियमच बदलतो. तीव्र कुपोषित मुलास दर अर्ध्या तासास किलोमागे ५ मिलिलिटर ह्या संथ गतीने आरंभ करावयाचा असतो. म्हणजे दोन तासांत १६० मिलिलिटर, आणि द्रावणही मिठाचे प्रमाण कमी व पोटॅशियमचे अधिक असे. ४५० कोठे आणि १६० कोठे! जवळजवळ तिपटीचा हा फरक आहे, आणि तो काही पुस्तकी नव्हे. उपासमारीने अशा मुलाचे हृदय दुबळे झालेले असते. पाण्याचा लोंढा त्यास सोसवत नाही. शिरेतून सलाइन चढविणे तर त्यास विशेषच घातक, म्हणून ते केवळ धक्क्याच्या अवस्थेतच आणि तेही फार जपून द्यावे असा वैद्यकाचा दंडक आहे. आपल्याकडे मात्र सलाइन लावल्याखेरीज उपचार झाला असे नातेवाइकांस वाटत नाही. ‘एक बाटली तरी लावा’ असा त्यांचा धोशा असतो, आणि थकलेल्या निवासी डॉक्टरास तो मोडवत नाही.

कोणी म्हणेल की अनुभवी डॉक्टरास नुसत्या नजरेने हे कळत नाही काय? पुष्कळांना कळते, हे आम्ही आदरपूर्वक मान्य करतो. परंतु हा आजार नजरेला फसविणारा आहे. अंगातील पाणी आटले की डोळे खोल जातात व पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू खाली बसते. तीव्र कुपोषित मुलाच्या कातडीखालची चरबी आधीच वितळून गेलेली असल्यामुळे पाणी आटलेले नसतानाही ही दोन्ही चिन्हे दिसू शकतात. शरीरात जंतूंचा संसर्ग भिनला असता निरोगी मुलास सणकून ताप भरतो. कुपोषित मुलाचे शरीर तेवढीही आग पेटवू शकत नाही. त्याचा ताप कधी साधारणच असतो, कधी अंग उलट गार पडलेले असते. रक्तातील साखर उतरलेली असते, पण मूल तक्रार करीत नाही. ते निपचित पडून राहते. गर्दीच्या विभागात आक्रोश करणाऱ्या मुलाकडे प्रथम लक्ष जाते आणि निपचित पडलेले मूल ‘शांत आहे’ म्हणून रांगेत मागे राहते.

येथे काट्याचीही एक मर्यादा सांगितली पाहिजे. आपल्या भाषेत सूज आणि बाळसे ह्यांतील भेद ओळखावा असे म्हणण्याचा प्रघात आहे. आपण तो बहुधा राजकारण व व्यापार ह्यांच्या संदर्भात वापरतो. मुलांच्या बाबतीत तो अक्षरशः खरा आहे. आफ्रिकेतील त्या वेळच्या गोल्ड कोस्टमध्ये काम करणाऱ्या डॉ. सिसिली विल्यम्स ह्यांनी १९३३ मध्ये ज्या बालरोगाचे वर्णन केले व ज्याला पुढे तेथील लोकांच्या बोलीतील ‘क्वाशिओरकोर’ हेच नाव रूढ झाले, त्यात मुलाच्या पायांवर व तोंडावर सूज येते. गाल फुगलेले दिसतात, काट्यावर वजनही बरे भरते, आणि आई समाधानाने म्हणते की पोराने अंग धरले. प्रत्यक्षात ते पाणी असते. म्हणून दोन्ही पावलांवर अंगठा दाबून खळगा पडतो काय हे पाहणे, आणि दंडाचा घेर मोजणे, ह्या दोन परीक्षा वजनाच्या सोबतीने केल्या पाहिजेत. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंड ११.५ सेंटिमीटरांहून कमी भरला तर ते तीव्र कुपोषित समजावे, असा नियम आहे. ह्या मोजणीस लागणारी रंगीत पट्टी अंगणवाडी ताईंच्या पिशवीत असते. ती अपघात विभागाच्या टेबलावरही असावयास हवी, ही अपेक्षा भारी नाही.

आता दाखल करून घेण्याचा प्रश्न. प्रत्येक हडकुळ्या मुलास खाट द्यावी असे आमचे म्हणणे नाही, आणि वैद्यकशास्त्राचेही नाही. तीव्र कुपोषित असूनही ज्यास भूक लागते, जे दिलेला पोषक आहार खाऊन दाखविते आणि ज्यास दुसरा आजार नाही, त्या मुलाची शुश्रूषा गावातील बालविकास केंद्रात होऊ शकते. किंबहुना इस्पितळातील संसर्गापासून दूर ती अधिक चांगली होते. परंतु त्याच मुलास न्यूमोनिया, सततच्या ओकाऱ्या, सुस्ती, तीव्र पंडुरोग ह्यांपैकी काही जडले असेल किंवा ते अन्नास तोंडच लावीत नसेल, तर त्याला घरी धाडणे हा धोका आहे. धष्टपुष्ट मुलाचा जो खोकला घरी बसून बरा होतो तोच खोकला ह्या मुलाचा घास घेतो. म्हणजे आजार एकच, तक्रार एकच, परंतु एकास घरी पाठविणे योग्य आणि दुसऱ्यास ठेवून घेणे अवश्य. आणि हा भेद दाखविणारी साक्ष काट्याची व पट्टीची. वजनाचा रकाना कोरा ठेवून ‘जुलाब, औषध देऊन घरी पाठविले’ असा शेरा मारला जातो तेव्हा खटल्यातील मुख्य साक्षीदार न तपासताच निकाल दिला जातो.

घरी पाठविण्यात किती धोका असतो, ह्याचे एक मोजमाप आता उपलब्ध आहे. आफ्रिका व दक्षिण आशिया ह्यांतील सहा देशांच्या नऊ इस्पितळांत २०१६ ते २०१९ ह्या काळात तीव्र आजाराने दाखल झालेल्या ३,१०१ मुलांचा, इस्पितळ सोडल्यावर सहा महिन्यांपर्यंत, पाठपुरावा करण्यात आला. त्यात पाकिस्तान व बांगलादेश हे आपले दोन शेजारी होते. त्यांपैकी ३५० मुले दगावली. आणि ह्या ३५० पैकी १६८ मुले इस्पितळातून घरी गेल्यानंतर दगावली. जवळजवळ निम्मे मृत्यू इस्पितळाच्या दफ्तराबाहेर, घराच्या ओटीवर घडले. ज्यांना ‘बरे झाले’ म्हणून निरोप दिला त्यांचे हे आकडे. ज्यांना दारातूनच परत पाठविले जाते त्यांचा हिशोब कोण ठेवतो?

आमच्या राज्याने ह्या प्रश्नी काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी आणि मेळघाटातील धारणी-चिखलदरा येथील बालमृत्यूंच्या वार्तांनी महाराष्ट्राची मान खाली गेली. त्यानंतर सरकारी यंत्रणा हलली, न्यायालयांनी लक्ष घातले, २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले. पोषण पुनर्वसन केंद्रे निघाली; तेथे मुलासोबत राहणाऱ्या आईस बुडीत मजुरी देण्याची तरतूद झाली. ही तरतूद ज्याने सुचविली त्याला गरिबाचे घर माहीत असले पाहिजे. चौदा दिवस इस्पितळात राहावयाचे म्हणजे चौदा दिवसांची मजुरी गेली, घरची दुसरी दोन पोरे शेजारणीच्या स्वाधीन झाली, आणि लावणीचा हंगाम हातचा निसटला. ‘आदिवासी मुलांना भरती करू देत नाहीत, पळून जातात’ असा शेरा मारणाऱ्या अधिकाऱ्यांनी हा हिशोब एकदा स्वतःच्या पगारावर मांडून पाहावा. मुंबईत शीव रुग्णालयाने धारावीतच पोषण पुनर्वसन केंद्र चालवून दाखविले, ते ह्या दृष्टीने अधिक शहाणपणाचे. आईला घर सोडावे लागत नाही.

तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे काय सांगतात? २०१५-१६ साली महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील शेकडा २५.६ मुले उंचीच्या मानाने रोडावलेली होती. २०१९-२१ च्या पाहणीतही तो आकडा २५.६ च निघाला. तसूभर हलला नाही. त्यांतील तीव्र रोडावलेल्यांचे प्रमाण मात्र ९.४ वरून १०.९ वर चढले. म्हणजे दर दहा मुलांमागे एकाहून अधिक मूल असे आहे की जे साध्या जुलाबाने अपघात विभागाच्या दारात आले तर त्याचा उपचार वेगळ्या नियमाने करावयास हवा. हे राज्य देशातील श्रीमंत राज्यांत मोडते, ही गोष्ट आम्ही येथे मुद्दाम नमूद करीत नाही; वाचकांस ती ठाऊक आहे.

ह्यात आम्हांस सर्वाधिक खटकते ती गोष्ट निराळीच आहे. ह्या मुलांची वजने कोणी घेतलीच नाहीत असे नाही. एकात्मिक बालविकास योजनेचा आरंभ २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांनी झाला, आणि त्यांत शहरातील धारावी व डोंगरातील धारणी ही दोन्ही होती. तेव्हापासून अंगणवाड्यांतून दर महिन्यास मुले झोळीच्या काट्याला टांगून मोजली जात आहेत. जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबेल आरोळे ह्यांनी १९७० पासून जे काम उभे केले त्यात अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रिया मुलांची वजने घेऊन त्यांचा अर्थ लावावयास शिकल्या. आता तर अंगणवाडी ताई ती मोबाईलवर नोंदवितात. पन्नास वर्षे आम्ही वजने करीत आहोत. आणि रात्री दोन वाजता तेच मूल इस्पितळाच्या दारात येते तेव्हा आतील डॉक्टरास त्या पन्नास वर्षांच्या खटाटोपाचा एक आकडाही उपयोगी पडत नाही. वजन एका खात्याने करावयाचे, उपचार दुसऱ्या खात्याने. आणि दोन खात्यांच्या मध्ये मूल.

वस्तुतः ह्या आकड्याचे मोल किती आहे ते पाहा. गेल्या आठवड्यात अंगणवाडीत १० किलो भरलेले मूल आज इस्पितळाच्या काट्यावर ९.२ किलो भरले, तर त्याच्या अंगातून सुमारे ८०० मिलिलिटर पाणी गेले, हे गणित कोणतीही महागडी तपासणी न करता सुटते. शरीरातील पाणी किती घटले हे ओळखण्याचा ह्याहून खात्रीचा मार्ग वैद्यकासही ठाऊक नाही. त्यासाठी मातेजवळच्या माता व बाल संरक्षण कार्डावर मागील वजन लिहिलेले असावे, आईने ते कार्ड सोबत आणावे आणि इस्पितळातील कोणीतरी ते मागावे, एवढ्या तीनच गोष्टी लागतात. तिसरी सर्वांत दुर्मीळ, असे आमचे निरीक्षण आहे.

नाण्याला दुसरी बाजूही आहे आणि शहरातील वाचकांस ती अधिक जवळची वाटेल. २०२५ च्या सप्टेंबरात युनिसेफने जाहीर केले की ५ ते १९ वर्षे वयाच्या मुलांत जगभरात स्थूलतेचे प्रमाण शेकडा ९.४ झाले असून ते कमी वजनाच्या ९.२ ह्या प्रमाणाच्या पुढे गेले आहे. दक्षिण आशियात अद्याप तसे झालेले नाही. परंतु महाराष्ट्रात पाच वर्षांखालील अतिवजनाच्या मुलांचे प्रमाणही वर उल्लेखिलेल्या दोन पाहण्यांच्या दरम्यान १.९ वरून ४.१ वर गेले. गुटगुटीत मुलाचे कौतुक करणाऱ्या आपल्या समाजास हा आजार वाटतच नाही. परंतु अपघात विभागात हे मूलही फसविते. दम्याचा झटका आलेल्या जाड मुलाची धाप ‘जाडीमुळे लागते’ म्हणून हलक्यावर घेतली जाण्याचा संभव असतो. त्याची शीर लवकर सापडत नाही. रक्तदाब मोजण्याचा पट्टा दंडाला लहान पडला तर नसलेला रक्तदाब दिसतो. औषधाच्या बाबतीत तर उलटा पेच. काही औषधे प्रत्यक्ष वजनावर द्यावयाची, तर काही उंचीला साजेशा वजनावर. कारण चरबी औषध वापरीत नाही. म्हणजे येथेही वजन व उंची दोन्ही लिहिलेली असल्यावाचून गत्यंतर नाही. एकाच विभागात शेजारशेजारच्या दोन खाटांवर ही दोन मुले असतात, आणि दोघांनाही ‘वय वर्षे पाच’ एवढ्याच आधारावर मोजले जाते.

ह्यात डॉक्टरांस झोडपण्याचा आमचा हेतू नाही, हे पुन्हा सांगतो. एका निवासी डॉक्टराने एका रात्रीत किती मुले पाहावी ह्याला मर्यादा असते, आणि ती मर्यादा सार्वजनिक इस्पितळांत रोज ओलांडली जाते. खाटा अपुऱ्या असल्या म्हणजे कोणास ठेवून घ्यावयाचे हा निर्णय वैद्यकीय न राहता खाटांचा होतो. परंतु खाटा थोड्या आहेत म्हणूनच त्या योग्य मुलास मिळणे अधिक निकडीचे आहे. वजन घेणे हे डॉक्टराचे कामही नाही. ते दारातल्या परिचारिकेचे, किंवा केसपेपर काढणाऱ्या खिडकीशेजारी बसविलेल्या मदतनिसाचे काम आहे. एका मुलामागे मिनिटाहून अधिक वेळ त्यास लागत नाही. जे मूल अत्यवस्थ आहे त्याचा जीव आधी सावरावा, वजन मागाहून घ्यावे, हे ओघानेच आले.

आणि काटा खरा असावा. वाण्याच्या तराजूवर वैधमापन खात्याचा शिक्का नसला तर त्यास दंड होतो. पावशेर साखरेत गिऱ्हाइकाची फसवणूक होऊ नये म्हणून केलेली ती व्यवस्था आहे. ज्या काट्यावर मुलाच्या औषधाचे माप ठरते तो कधी व कोणी तपासला, हे मात्र बहुतेक ठिकाणी विचारूनही कळणार नाही. ज्याची बॅटरी संपली आहे, जो मोकळा असताना तीनशे ग्रॅम दाखवितो, किंवा ज्यावर फायलींचा गठ्ठा ठेवलेला आहे, असा काटा असून नसल्यासारखा.

राज्याच्या आरोग्य खात्याने व महानगरपालिकांनी एक साधा नियम करावा. पाच वर्षांखालील कोणत्याही मुलास वजन, उंची व दंडाचा घेर लिहिल्याखेरीज आणि पावलांवरची सूज पाहिल्याखेरीज अपघात विभागातून घरी पाठवू नये, आणि त्या नोंदीखाली नोंद करणाराची सही असावी. घरी पाठविलेल्या तीव्र कुपोषित मुलाचे नाव दुसऱ्याच दिवशी त्याच्या अंगणवाडीस कळवावे. मेळघाटात व पालघरच्या डोंगरात जून-जुलैत ओढे भरून वाटा तुटू लागतात आणि जुलाबाचे रुग्णही त्याच सुमारास वाढतात. तत्पूर्वी, मे महिन्याच्या अखेरीस, धारणी, चिखलदरा, जव्हार व मोखाडा येथील इस्पितळांतील काटे मोकळे असताना शून्यावर येतात की नाहीत, ह्याचा अहवाल जिल्हा शल्यचिकित्सकांनी आपल्या सहीनिशी द्यावा व तो जिल्हा परिषदेच्या सभेत वाचून दाखवावा.